होडीच्या खोक्यातली हवा

मी रांजणगावच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासायचो. माल खराबच आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघाला तर नाइलाजानं सही करायची, हे माझं काम. दहा-बारा वर्षांत ही खोड घरातही आली. बाजारात मी टोमॅटो चारी बाजूंनी फिरवून बघायला लागलो की बायको लांब जाऊन उभी राहायची.

अशा माणसानं शिडाची होडी घ्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी पाण्यावर जायचं, वारा नेईल तिकडं भटकायचं आणि दिवेलागणीला शिरूरला परत यायचं, एवढीच हौस. दोघांना उचलून टेम्पोत घालता येईल अशी होडी हवी होती. पुण्याकडे दोन पाहिल्या. एकीचं लाकूड रंगाखाली कुजलेलं, दुसरीचा तळ इतका खोल की आमच्या धरणात उन्हाळ्यात ती गाळातच रुतली असती. तिसरी दौंडला होती. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका विकत होते. फोनवर ते म्हणाले, "होडी चांगली आहे." मला तिथंच संशय आला.

म्हणून मामांना बरोबर घेतलं. कवठे येमाईकडं त्यांनी अर्धं आयुष्य मेंढरं राखली, मग शेतीला लागले. लोकरीत हात घालून मेंढराचा कणा चाचपला की त्यांना सगळं कळायचं. काकांच्या अंगणात त्यांनी होडीही तशीच चाचपली. शीड उजेडात धरलं, सुकाणू हलवलं. मग बसायच्या फळीखालच्या बंद खोक्यावर टिचकी मारली.

"हितं पोकळ लागतंय. आत काय हाय?"

"हवा," काका म्हणाले. "दोन्ही बाजूंना आहे. त्यामुळं उलटली तरी बुडत नाही."

ते चहाचं सांगायला आत गेले तसे मामा माझ्या कानाशी लागले. "हवा कोण कोंडून ठिवतं व्हय? लोकर लई दाट दिसली की मी तितंच हात घालतो. आत सडलं आसंल."

मलाही तेच वाटत होतं. माझ्या पिशवीत गिरमिट होतं. उजव्या खोक्याला एक भोक वर पाडलं, एक खाली. एकातून बॅटरी मारली, दुसऱ्याला डोळा लावला. आत कोरडं, स्वच्छ, रिकामं होतं. तेवढ्यात काकांच्या चपला वाजल्या. मामांनी नळावरची साबणाची वडी मोडून दोन्ही भोकांत दाबली आणि वरून माती चोळली. गळकी टाकी, गळका पिंप आमच्याकडे साबणानंच बुजवतात.

"घेतो," मी म्हणालो.

"अशी नाही देत," काका म्हणाले. "पाण्यावर चला. एकदा उलटवून दाखवतो, मग ठरवा."

भोकांचं सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण विकणारा माणूस स्वतःचाच माल उलटवायला का निघालाय? म्हटलं, आधी याचा डाव तर बघू.

होडी टेम्पोत घालून भीमेच्या फुगवट्यावर, धरणानं अडवलेल्या पाण्यावर गेलो. मामा काठावर थांबले. लाइफ जॅकेट एकच होतं. काकांनी ते मला घातलं आणि पट्टे स्वतः आवळले. "मला नको, होडी आहे ना," म्हणाले. एवढी काळजी कशाला, हेही मला खटकलं.

वारा झकास होता. बरंच आत गेल्यावर काकांनी उजवीकडे भार टाकला आणि आम्ही दोघं पाण्यात पडलो. शीड पाण्यावर पसरलं. "आता एका हिसक्यात उठते बघा," म्हणून त्यांनी जोर लावला. होडी उठली नाही. पुन्हा जोर लावला, पुन्हा नाही. माझ्यासमोर खोक्याच्या भोकातला साबण विरघळून बुडबुडे येत होते. काकांना धाप लागली, ओठ पांढरे पडले.

"काका, भोकं आहेत! मी पाडलीत!" मी ओरडलो आणि दोन्ही भोकांत अंगठे खुपसले. मग जॅकेट काढून त्यांना द्यायला एक हात सोडला, तर त्यांनी आवळलेला पट्टा मला सुटेना. मासे धरणाऱ्यांची होडी येईपर्यंत आम्ही तसेच लोंबकळत राहिलो. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती आणि ती माझ्यासाठी नव्हती.

मासेवाल्यांनी आम्हाला आणि होडीला काठावर ओढून आणलं. मग काकांनी फळीच्या टोकाखाली हात घालून वाटीएवढं एक गोल झाकण फिरवून काढलं. खोक्यातलं पाणी भळभळा बाहेर आलं. त्याला साबणाचा फेस होता.

"विचारलं असतंत तर उघडून दाखवलं असतं," ते म्हणाले.

मामांनी हात जोडले. "माझी चूक हाय. भाच्याची न्हाई."

"भोकं बुजवता येतात, आबा. पण मी यांना जॅकेट घालत होतो, तेव्हा यांना ठाऊक होतं."

होडी त्यांनी मला विकली नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही विकली नसती.