भूकंपात टिकलेलं माळवद

दार अडकायला लागलं तेव्हाच मला कळलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी कीव करत बसायला नको.

दार आमच्या मधल्या खोलीचं. पहिल्या वर्षी आषाढात अडकलं, तेव्हा सगळे म्हणाले, पावसाळी हवा आहे, लाकूड फुगलं. माझ्या नवऱ्यानं सुताराला बोलावलं, त्यानं वरच्या अंगाला रंधा मारला, चहा पिऊन गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी दार अडकलं ते ऐन वैशाखात. आता वैशाखात लाकूड फुगत नाही, आकसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमच्याकडं पुन्हा सुतार आला, पुन्हा रंधा मारला. तीन वर्षांत ते दार चार बोटं तरी कमी झालं असेल. चौकट वरून दबत चालली होती, आणि आम्ही दार तासत बसलो होतो. शहाणी माणसं!

मला कळलं कारण माझा बाप गवंडी. नळदुर्गाकडचा. माळवदाची घरं बांधण्यात आणि पुढं ती उतरवण्यात त्याचा जन्म गेला. लहानपणी मी त्याच्या हाताखाली पाट्या उचलल्या आहेत. माळवद म्हणजे काय, तर भिंतीवर आडवी एक जाड तुळई, तिच्यावर लाकडाचे सर म्हणजे बारीक वासे, सरांवर फळ्यांचे तुकडे, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात ऊबदार. पण दरसाल पावसाआधी वर नवी माती टाकावी लागते, आणि ती टाकण्याआधी जुनी खरवडून काढावी लागते. ही दुसरी गोष्ट कुणी करत नाही. खरवडायचं म्हणजे दोन दिवस उन्हात कंबर मोडायची. मग काय, जुनीवरच नवी. आमच्या माळवदावर माझ्या गुडघ्याला लागेल एवढी माती साचली होती.

बापानं मला खुणा शिकवल्या होत्या. ताटात माती पडली की तिकडं बघ. दार अडकलं की वर बघ. माळवदावर एकाच जागी गवत हिरवं राहिलं तर तिथं पाणी मुरतंय. तुळईला टाचणी टोचून बघ. माझ्या लग्नात त्यानं सासरचं घर खालून वरून न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हादरा बसलेलं घर हाय हे. सांधे ढिले झालेत, दिसत न्हाईत एवढंच. ध्यान ठेव."

पण सासरी तोच हादरा म्हणजे घराण्याची इज्जत. लोहारा तालुक्यात भूकंपानं गावंच्या गावं आडवी केली, माळवदांखाली माणसं गाडली गेली, आणि आमचं घर उभं राहिलं. माझे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो, पाहुणा आला की चहाच्या आधी ही गोष्ट सांगायचे. भूकंपानंतर चारदोन वर्षं गावानं माळवदावरची माती कमी केली, लोक अंगणात झोपले. मग विसरले. आमचे लोक तर विसरलेही नाहीत, त्यांनी त्याचा उलटा अर्थ लावला. कुणी म्हणालं की बाबा आता हे उतरवा, पत्रा टाका, स्लॅब टाका, की ठरलेलं उत्तर यायचं: भूकंपात न्हाय पडलं, आता पावसानं पडंल व्हय?

त्यात वाटणी झाली. घराच्या मधोमध विटांची भिंत आली, इकडं आम्ही, तिकडं दादा आणि माझी थोरली जाऊ. भिंत खाली बांधता येते, तुळईला कशी कापणार? ती एकच, अर्धी आमच्या डोक्यावर आणि अर्धी त्यांच्या. पंचांनी ठरवून दिलं की जो आधी आपली बाजू उकलील, म्हणजे उतरवील, त्यानं दुसऱ्याची बाजूही सावरून द्यायची. न्याय म्हणून ठीक. पण त्या दिवसापासून दोघा भावांची तोंडं शिवली गेली. घर खराब झालंय असं जो आधी बोलेल, त्याच्या गळ्यात दोन्ही घरं पडणार.

आणि वाटणीत भांडण झालं ते कशावरून, तर नळाच्या तोटीवरून. तोटी कुणाच्या अंगणात असावी यावरून दोन भाऊ मुंडक्याला मुंडकं लावून उभे राहिले, आणि आम्ही दोघी जावा आपापल्या नवऱ्याच्या बाजूनं बोलून बसलो. मी तिला जे बोलले ते इथं लिहिणार नाही. तीन वर्षं अबोला होता. ही तीच बाई, जिनं माझी दोन बाळंतपणं केली. माहेर तिचं सीमेपलीकडचं, रागावली की म्हशीला कानडीत शिव्या द्यायची, आणि मला हसू आलं की मलाही त्यातली एखादी द्यायची. मी तिला आक्का म्हणायचे. अबोल्यात ती भिंतीपलीकडून कानडीत म्हशीला बोलायची आणि मी इकडं तोंड दाबून हसायचे. पण हाक मारली नाही. मारायची कशाला, माझं नाक कापलं जाणार होतं ना!

तर तिसऱ्या वर्षीचा वैशाख. दार तासून झालं, आणि मी माती टाकायच्या निमित्तानं माळवदावर चढले. आमच्या बाजूला फारसं काही नव्हतं. त्यांच्या बाजूला, आक्काच्या चुलीच्या बरोबर वर, परातीएवढा खळगा पडला होता. बाकी सगळीकडं गवत वाळून काडी झालेलं, आणि त्या खळग्याच्या काठाला हिरवं. टाच दाबून बघितली तर ती आत गेली. खाली उतरले, शिडी लावली, भिंतीपाशी तुळईला आमच्याकडून स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तर पिठासारखा भुगा. वाळवी त्यांच्या बाजूनं पोखरत भिंतीपर्यंत आली होती. म्हणजे आमची बाजू अजून वर्ष दोन वर्षं तग धरील, त्यांची या पावसात जाईल. मला हे एवढं स्पष्ट दिसत होतं.

नवऱ्याला सांगितलं. त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, गप बस, आपुन बोललो की सगळं आपल्याच अंगावर येतंय, त्यांना दिसत न्हाय का? मी म्हटलं, आक्का तिथंच बसून भाकरी थापतात. तर म्हणाले, मग दादानं बघावं. हे माझ्या नवऱ्याचं बोलणं आहे, पण त्याच्या मागं लपायचा मला हक्क नाही. पाय माझे होते, भिंत कमरेएवढीच होती अंगणात. मी जाऊन सांगू शकत होते. मी काय केलं, तर ज्येष्ठात आमची कॉट, धान्याच्या कोठ्या, पोरांची दप्तरं, सगळं उचलून समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. स्वतःचं पिल्लू तेवढं उचललं.

हे आक्कानं बघितलं. बघणारच. आषाढातल्या एका सकाळी मी तोटीवर हंडा लावून उभी होते, आणि ती भिंतीशी आली. तीन वर्षांनी पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं.

"सामान का काढलं गं?"

आता बघा, तिनं आपणहून हाक मारली होती. नाक तिनं कापून घेतलं होतं. माझ्या जिभेवर होतं, आक्का, तुम्ही बी काढा. पण त्याच क्षणी डोक्यात आलं की ही दादांना सांगेल, दादा पंचांना सांगतील, की धाकटीनंच कबूल केलं घर खराब हाय म्हणून. आणि दुसरंही एक आलं, ते लिहायला हात जड होतो. मला वाटलं, विचारतीय आता. तीन वर्षं का न्हाय विचारलं?

"रंग द्यायचाय," मी म्हटलं.

"कंचा?"

"गुलाबी."

ती म्हणाली, बरा दिसंल. माझा हंडा भरला, तिनं भिंतीवरून हात घालून तोटी बंद केली आणि आत गेली. मला वाटलं होतं उद्या सांगू. आता बोलणं सुरू झालंच आहे तर सांगू हळूच. दुसऱ्या दिवशी ती बाहेर दिसली नाही, तिसऱ्या दिवशी मी शेतावर होते. असे दिवस गेले.

श्रावणात तीन दिवस झड लागली. जोराचा पाऊस नव्हे, भुरभुर. पण माती पाणी पीत राहते, हे मला शिकवायला नको. चौथ्या दिवशी उघडीप पडली, ऊन आलं, मला वाटलं सुटलो. दुपारी चारच्या सुमाराला मी शेडमध्ये तूर निवडत होते आणि पलीकडं आवाज झाला. फार मोठा नाही, भरलेलं पोतं खाली टाकावं तेवढा. मग भिंतीवरून धूळ आली. म्हैस ओरडायला लागली. मी पळाले, सगळं गाव पळालं, लोकांनी हातांनी माती काढली, मीही काढली, नखं उचकटेपर्यंत. गुडघाभर मातीखाली माणूस शोधायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. आक्का चुलीपाशीच सापडली. गेलेली होती.

तलाठ्यानं पंचनाम्यात लिहिलं, सततच्या पावसानं. त्याची चूक नाही, सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं. मीही सांगितलं. पाऊस काही उलटून बोलत नाही, म्हणून बरा सापडतो. माझ्या नवऱ्यानं भावाच्या गळ्यात पडून रडून घेतलं, आणि पंधरा दिवसांच्या आत उरलेलं माळवद दोघांनी मिळून उतरवलं. आधी कोण उकलील हा प्रश्नच कुणी काढला नाही. मजूर लावले, ट्रॅक्टर आला, चार दिवसांत काम आटोपलं. चार दिवसांचं काम होतं ते! मी अंगणात उभी राहून बघत होते आणि मला माझ्यासकट सगळ्यांच्या तोंडात मारावंसं वाटत होतं.

आता दादा आमच्याकडंच जेवतात. एकटा माणूस, करणार काय? दोन वेळा येतात, मान खाली घालून जेवतात, ताट स्वतः विसळतात. भूकंपाची गोष्ट आता सांगत नाहीत. माझ्याशी तर लग्नापासून कधी चार शब्दांवर बोलले नाहीत, थोरले दीर ना. पण वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी जेवता जेवता आपणहून बोलले.

"मला रातच्याला वरून आवाज यायचा, बाई. म्या तिला म्हणलं हुतं, चल, चार म्हयनं लेकीकडं जाऊ. पिशव्या बी भरल्या हुत्या. तर म्हणली, म्या इचारलंय पलीकडं. काय भ्या असतं तर तिनं सांगितलं असतं. अबोला असला म्हणून काय झालं, मरू देईल व्हय ती मला?"

ते मला बरं वाटावं म्हणून सांगत होते. तुमच्या दोघींचं शेवटी गोड झालं, असंही म्हणाले. त्यांनी ताट पुढं केलं, मी आमटी वाढली. सकाळी पुन्हा वाढली. ते अजून रोज येतात, आणि मी अजून सांगितलेलं नाही.