गजूने न पाहिलेला शेवट

शेजारच्या वावरात फवारणी सुरू झाली की तो उग्र वास खिडकीतून आत येतो आणि मी थेट पांढरकवड्याच्या टॉकीजमध्ये जाऊन बसतो. शेजारी माझा वर्गमित्र गजू. सकाळभर कपाशीवर औषध मारून, दुपारचा खेळ चुकू नये म्हणून आंघोळ न करता, ओल्या सदऱ्यानिशीच आलेला. अंतराळयानाच्या त्या सिनेमाचे आधीचे सगळे भाग आम्ही सोबत पाहिले होते. हा शेवटचा, आणि तो इतका रटाळ निघाला की लोक शिट्ट्या मारत उठून जाऊ लागले.

"मले पडदा धुकट दिसून राह्यला बे," गजू म्हणाला. त्याला दरदरून घाम फुटला होता.

"पिक्चरच तसा हाये," मी हसलो.

मग तो खुर्चीतच ओकला.

यवतमाळला नेताना जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "यान परत आलं का?" त्याने विचारलं. शेवट मीही पाहिला नव्हता.

"आलं ना. सारे उतरले."

फवारणीचं औषध अंगात भिनलं की आधी नजर धुकट होते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गजू तोवर गेला होता.

पुढे तो भाग टीव्हीवर लागला, तेव्हा एकटाच शेवटपर्यंत पाहिला. यान परत येत नाही.