पार्किंगवरचं छप्पर

भुताखेतांचा किस्सा दिसला की मी पान उलटते. माझं कामच मोजण्याचं, त्यामुळे जे मोजता येत नाही त्यावर कधी डोकं चालवलं नाही. पण हे मी स्वतः मोजलंय... आणि म्हणूनच काही सुचत नाहीये. त्यात माझी एक चूक आहे, जी माझ्या नवऱ्याला, नितीनलाही बरेच दिवस सांगितली नव्हती. स्वभावच तसा माझा. आज सांगून टाकते.

आम्ही जपानमध्ये, टोकियोजवळच्या इचिकावाला राहतो. मी टोकियोत एका छोट्या कंपनीत उपग्रहाच्या रडारचा डेटा बघते. उपग्रह लहरी खाली सोडतो, त्या छपरांवरून, पुलांवरून परत जातात. काही दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेने येतो. दोन्ही वेळच्या लहरींतला फरक काढला की कुठली जागा किती मिलिमीटर खचली ते कळतं. नकाशावर स्थिर जागा हिरवे ठिपके, खचणाऱ्या लाल.

आमच्या बिल्डिंगसमोर एक जुनं दुमजली घर होतं. तिथे सुगिमोतो-सान (सान म्हणजे आपलं 'जी') एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे. आम्ही नवीन असताना कचऱ्याची माझी पिशवी त्या परत दारात आणून ठेवायच्या. "देसाई-सान, झाकण वेगळं, बाटली वेगळी!" त्यांच्यामुळेच मी इथला कचरा शिकले.

एक दिवस त्यांनी मला घरात बोलावलं आणि जमिनीवर एक मिकान, म्हणजे छोटं संत्रं, ठेवलं. ते घरंगळत कपाटाखाली गेलं.

"घर कलतंय. तुमचा उपग्रह वरूनच जातो ना? विचारा त्याला."

मी हसले. घरी सांगितलं तर नितीन म्हणाला, "त्या संत्र्यावर भरवसा ठेवतात, तू सॅटेलाइटवर. बघू कोण जिंकतं!"

योगायोग असा, की तेव्हा आमच्याच भागाचा नकाशा माझ्याकडे होता. जमिनीखालून मोठे पाइप न्यायचे होते, त्यासाठी. आणि सगळ्या हिरव्यात एक ठिपका लाल... सुगिमोतो-सानचं छप्पर. आजूबाजूचं काहीच हलत नव्हतं. आमच्या कामात शेजाऱ्यांशी न जुळणारा एकटा ठिपका म्हणजे नॉइज, डेटातली खोटी खूण. तो पुसतात. मार्च संपत आला होता, रिपोर्ट द्यायचा होता. घर कोणाचं ते मला दिसत होतं. तरी मी पुसला.

मग एका रविवारी त्यांचा मुलगा गेटपाशी भेटला. अवघडून म्हणाला, "आई रोज म्हणते घर कलतंय. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं असं. तुम्ही त्याच कामात आहात म्हणून विचारतो... काही आहे का?"

"नकाशात काही नाही," मी म्हणाले.

खरंच नव्हतं. मीच पुसलं होतं ना.

आईला भ्रम होतोय असं त्याने धरलं. सुगिमोतो-सान वृद्धाश्रमात गेल्या, घर पाडलं, तिथे पार्किंग झालं.

त्यानंतर पुढच्या मोजणीचं काम आलं. या वेळी मी काहीच न पुसता डेटा चालवला. लाल ठिपका तिथेच. आधी वाटलं, जुना डेटा मिसळला. नाही. मग वाटलं, गाड्यांचे पत्रे असतील. पण गाड्या येतात-जातात, त्यांचा ठिपका असा टिकत नाही. शिवाय आम्हाला प्रत्येक ठिपक्याची उंचीही मिळते. हा दुसऱ्या मजल्याच्या वर होता, जिथे छप्पर होतं. आणि त्याच वेगाने खचत होता — पाडलेलं घर! सहकारी निशिदा-साननी पुन्हा सगळं तपासलं, आणि एवढंच म्हणाले, "क्लायंटला दाखवू नका."

संध्याकाळी मी पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. वर नुसतं आभाळ.

पुढच्या सुट्टीत वृद्धाश्रमात गेले आणि ठिपका पुसल्याचं सांगितलं. घर अजून दिसतंय, हे मात्र तोंडातून निघेना.

सुगिमोतो-सान म्हणाल्या, "मला कशाला सांगता? मला माहीतच होतं. मुलाला सांगा."

मुलाला पार्किंगमध्येच बोलावलं आणि सगळं सांगितलं, आताचंही. तो रागावेल म्हणून मी तयार होते. त्याने एका पांढऱ्या व्हॅनच्या वर, जिथे छप्पर असायचं तिथे पाहिलं.

"आईची माफी मी मागेन," तो म्हणाला. "पण घर अजून दिसतं हे तिला सांगू नका. ती उद्याच बॅग भरेल."

त्याने माफी मागितली. मायलेकांचं आता बरं चाललंय. ठिपका मात्र नव्या डेटातही आहे, थोडा आणखी खाली. वाचणाऱ्यांपैकी कोणी रडारवर काम करत असेल तर सांगा, मी काय चुकतेय... चुकत असले तर बरंच वाटेल.

परवा सुगिमोतो-सानचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "घर कसं आहे?"

"अहो, ते पाडलं ना."

"ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "कसं आहे, ते विचारतेय."