राजाचे कान

आमच्या लग्नात मुलगी दाखवायच्या आधी मुलगाच दाखवला गेला, आणि तोही खोट्या मिशा लावून, सिंहासनावर बसलेला. तो सोलापुरातल्या एका गिरणीत कारकून, आणि सुट्टीच्या दुपारी तिथल्याच हौशी मंडळींबरोबर नाटकात. "माणूस कामात असताना बघावा," असं माझे वडील म्हणाले. बघा म्हणजे! नाटकात तो खलनायक होता.

बरोबर आत्या होती. वडिलांना तिनंच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळं घरात शेवटचा शब्द तिचा. तिचं सासर दुधनीला, कानडी मुलखाच्या वेशीवर. एरवी ती मराठीत भांडायची, पण निर्वाणीचं बोलायचं झालं की कानडीत. ती "ब्याड" म्हणाली म्हणजे नको. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी नकोच.

पत्र्याच्या थेटरात बायकांची बैठक डाव्या अंगाला. आम्ही भाजक्या शेंगा फोडत बसलो होतो. नाटकातल्या राजाचा धाकट्या भावावर डोळा, कारण प्रजेचा सगळा जीव त्या भावावर. उघड मारावं तर लोक उठतील. मग हा लबाड काय करतो, तर भावासमोर विषाचा पेला घेऊन बसतो आणि रडतो. "तूच राज्य कर बाबा. तुझ्या वाटेत मी कशाला? मी आपला जातो." भाऊ बिचारा देवमाणूस. तो दादाच्या हातातला पेला ओढून स्वतःच्या तोंडाला लावतो.

राजाच्या डोळ्यांतून खरं पाणी वाहत होतं. गालावरच्या सफेद्यातून ओघळ उतरले होते. सगळं थेटर चिडीचूप. मीही पदर डोळ्याला लावला, आणि तेवढ्यात शेजारी आत्या ताडकन उठली.

"पिऊ नगंस रं लेकरा! नाटक करतंय त्ये!"

हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडले. विष प्यायला निघालेल्या भावाची मिशीसुद्धा हलायला लागली. राजा मात्र हलला नाही. तसाच, भरल्या डोळ्यांनी, हसू ओसरेपर्यंत थांबला. मग एक असा हुंदका दिला, की भावाला विष प्यावंच लागलं. आत्यानं राजाच्या नावानं कडाकडा बोटं मोडली.

टांग्यात बसल्या बसल्या ती म्हणाली, "ब्याड."

"अगं आक्का, नाटक होतं ते," वडील म्हणाले.

"त्येच म्हनते मी. पायजे तवा डोळ्यांत पानी आनतोय त्यो. उद्या ह्या पोरीनं खरं-खोटं कसं वळखायचं, सांग की!"

 प्रश्न बिनतोड होता. पण मला तो राजा फार फार आवडला होता. खलनायकावर जीव जडला म्हणून कुणाला सांगायची सोय तरी होती का? घरी येऊन भांडी घासताना मी पोटभर रडून घेतलं.

वडिलांनी शब्द दिला होता म्हणून दुसऱ्या दिवशी तो घरी आला. मी चुरमुऱ्यांचा सुशीला केला. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून आत्यानं त्यात पुन्हा एकदा मीठ घातलं. तिनं पहिला घास खाल्ला, तिला कळलं, पण बोलली नाही. बशी मांडीवर ठेवून नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

"पावनं, कसा झालाय?"

"छान झालाय, आत्याबाई." आणि कान लालेलाल!

"मीठ?"

"बेताचंच आहे." आता मानही लाल झाली.

"यव्वा! काल त्यो एवढा मोटा राजा, त्याचं काय झालं हो?"

त्यानं खाली मान घातली. "तिथं वाक्यं पाठ असतात, आत्याबाई."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन वडिलांना म्हणाली, "दे रं पोरगी. ह्याचं कान लई खरं बोलत्यात." मी दाराआड होते. तिथंच खाली बसले.

त्या कानांवर मी सुखानं संसार केला. "उशीर का झाला?" विचारायचं आणि तोंडाकडं न बघता कानाकडं बघायचं. "काम होतं" म्हणताना कान पेटले की समजायचं, स्वारी तालमीला गेली होती.

पुढं आत्या फार आजारी पडली. औषधपाण्याला आमच्याकडंच आणली होती. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ह्यांना जवळ बोलावलं.

"जावईबापू, खरं सांगा. पाडव्याला मी दुधनीला जाते का न्हाय?"

 मेले ते कान, आता सगळं सांगून टाकणार!

हे तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. "जाताय की, आत्याबाई. मीच सोडायला येतो."

आत्या त्यांचे कान निरखून बघत राहिली. मीही बघत होते. कान जसेच्या तसे, जराही लाल नाहीत. आत्याचा चेहरा खुलला. तिनं मला ट्रंकेतलं इरकली लुगडं काढायला लावलं, पाडव्याला नेसायला, आणि ते उशाशी ठेवून ती गाढ झोपली. पाडवा काही तिनं पाहिला नाही. पण तोवर रोज येईल त्याला ते लुगडं दाखवायची.

त्या सकाळी ती झोपल्यावर मी ह्यांना परसात गाठलं. विचारलं, "जमलं कसं हो?"

ह्यांनी डोळे पुसले. "पहाटेपासून पाठ करत होतो," म्हणाले.