डिमरकाकांचा लाल दिवा

गल्लीत त्यांना डिमरकाका म्हणत. हे नाव कुणी ठेवलं म्हणून विचारलं, की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. काकांनी चाळीस वर्षं एका नाट्यगृहात रंगमंचावरचे दिवे सांभाळले होते. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं गोल बटण म्हणजे डिमर, आणि ते फिरवता फिरवता काका निवृत्त झाले, पण बोटं काही निवृत्त झाली नाहीत. दिवा फटकन लागला, की कुणी तोंडावर दार आपटल्यासारखा त्यांचा चेहरा होई.

"दिवा उगवला पाहिजे," ते म्हणत. "आणि मावळला पाहिजे. खट् करून काय? उंदीर पकडायचाय?"

घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घरातल्या प्रत्येक दिव्याला डिमर बसवला. न्हाणीघरातल्यालासुद्धा. "अहो, तुमचा दिवा उगवेपर्यंत पाहुणे काम उरकून बाहेर येतात," असं काकू पाहुण्यांदेखतच म्हणत, आणि पाहुणे चहाच्या कपात काहीतरी शोधू लागत. शेवटी एके पहाटे खुद्द काकांचाच पाय अर्धवट उजेडात बादलीत गेला. चार दिवस ते लंगडत होते, आणि त्याच चार दिवसांत काकूंनी मुलाकडून सगळे डिमर काढून घेतले. एक तेवढा वाचला. नाट्यगृहातून निघताना आठवण म्हणून दिलेला, मुठीएवढा, काळा. तो काकांनी मफलरीत गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

तो बाहेर निघाला सुनेमुळे.

सून अकरा वर्षं एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकत होती. "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य ती झोपेतही गोड आवाजात म्हणायची. अकरा वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं, आता जरा आपलं कुणी ऐकावं, असं तिच्या मनाने घेतलं. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देण्याचं काम तिने शोधलं. ऑफिसातून महिन्याची बिनपगारी रजा काढली. अडगळीच्या खोलीतली अडगळ पलंगाखाली गेली, भिंतींना जुन्या गाद्या आणि रजया ठोकल्या, आणि झाला स्टुडिओ. आत एक माइक, एक लॅपटॉप, एक खुर्ची आणि सून एवढं मावल्यावर हवेला जागा उरत नसे.

या स्टुडिओत काकांचं योगदान म्हणजे दाराबाहेरचा लाल दिवा. तो लागला की घरात कुणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही. वायर लोंबलेली काकांना खपत नसे, म्हणून त्यांनी ती खोलीतल्या प्लगपासून भिंतीच्या कडेकडेने, माइकच्या वायरीला अगदी चिकटून, बोटभर अंतरावर क्लिपा ठोकत बाहेर आणली. आणि तिला बसवला तो काळा डिमर. सून आत गेली, दार लागलं, तिने आतून एक टकटक केली, की काका बटण फिरवत. दिवा चार आकडे मोजेपर्यंत उगवत यायचा आणि तिसऱ्या हिश्श्यावर थांबायचा.

"पूर्ण का नाही लावत?" मुलाने एकदा विचारलं.

"पूर्ण लावला की धमकी वाटते. तिसरा हिस्सा म्हणजे विनंती."

मात्र दिव्याचा एक नियम काकांनी घालून दिला होता: खरं रेकॉर्डिंग असेल तरच तो लागेल. "तालीम वेगळी, प्रयोग वेगळा. तालमीला दिवा लावलात, की चार दिवसांत त्याला कुणी विचारणार नाही." हे घराला पटलं. काकूंनाही पटलं, ही त्यातली नवलाची गोष्ट.

एका कादंबरीचं पहिलं प्रकरण सुनेने नमुना म्हणून पाठवलं, ते परत आलं. तपासणाऱ्याने फोनवर नाकातून सांगितलं, "मॅडम, वाचन टॉप आहे. पण मागे एक बझ येतोय, झऽऽऽ अशी गुणगुण. सतत. काढा तो." दुसरा नमुना पाठवला. "मॅडम, वाचन टॉपच आहे. बझपण टॉप आहे." तिसरा आणि शेवटचा नमुना शनिवारी पाचपर्यंत. तो स्वच्छ निघाला, तर अठरा प्रकरणांची कादंबरी तिची. नाहीतर ती दुसरीकडे जाणार, आणि सोमवारी सून पुन्हा दिलगीर आहोत म्हणायला ऑफिसात जाणार. रजा रविवारी संपत होती.

शनिवारी सकाळी दहा वाजता घराने कंबर कसली. वीज हा आपला प्रांत, असं म्हणून काका मुख्य स्विचबोर्डासमोर स्टूल टाकून बसले. नाकावर चष्मा, मांडीवर वही. वहीत त्यांनी नाटकातल्या दिव्यांसारखे घरातल्या वस्तूंना क्रमांक दिले होते. एक, फ्रिज. दोन, पाण्याचा फिल्टर. तीन, टीव्ही. चार, मासे.

"मासे?" काकू म्हणाल्या. "मासे काय गुणगुणतात?"

"माशांचा पंप गं."

"तसं लिहा मग. उद्या मला क्रमांक द्याल."

"तुला दिलाय. नऊ. शेकायची विजेची पिशवी."

सून आत हेडफोन लावून बसली. मुलगा मधल्या पॅसेजमध्ये उभा राहून निरोप पोचवू लागला. मुलाने रात्रभर मोबाइलवर पाच व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे तो आता या विषयावर बोलताना डोळे मिटायचा. "ग्राउंड लूप आहे, बाबा. शंभर टक्के. दोन वस्तूंच्या अर्थिंगचा आपसात घोळ होतो. लॅपटॉपचा चार्जर काढायला हवा."

चार्जर काढला. फ्रिज बंद केला, चालू केला. टीव्ही, फिल्टर, मासे, मुलाचा मोबाइल, शेजारच्यांची गच्चीवरची मोटारसुद्धा बंद करून घेतली. आणि या सगळ्यातून सुनेचं एकच उत्तर येत होतं.

"आत्ता तर काहीच नाहीये!"

"फ्रिज चालू आहे, तरी नाही?"

"नाही!"

"सगळं चालू आहे, तरी?"

"नाही म्हणते ना! एकदम स्वच्छ!"

मग गुणगुण आपोआप गेली, असं ठरलं. मुलाने मिटलेले डोळे उघडले आणि चार्जरला श्रेय दिलं. काकू चहा टाकायला उठल्या, पण काकांनी हाताने थांबवलं, आता प्रयोग. सून आत गेली, दार लागलं, टकटक झाली, काकांनी दिवा उगवला. घर चिडीचूप. तीन मिनिटांनी दार उघडलं आणि सून हेडफोन गळ्यात घेऊन बाहेर आली.

"आली," ती म्हणाली. "वाचायला घेतलं की येते. चाचणीला येत नाही, रेकॉर्डिंगला येते. माझ्याच मुळावर उठलीय."

"कादंबरीच वाईट असेल," काकू म्हणाल्या.

दोन वाजेपर्यंत हाच खेळ तीनदा झाला. तपासायला बसलं की शांत, प्रयोगाला बसलं की गुणगुण. प्रयोगाच्या वेळी घरात काय काय चाललेलं असतं, याची मुलाने झडती घेतली. काकू खरंच शेकायची पिशवी घेऊन बसायच्या, कारण गप्प बसायला सांगितलं की त्यांचे गुडघे दुखत. पिशवी काढून घेतली. "घ्या, घ्या. आता श्वासाचं बटण दाखवते, तेही बंद करा." तरी गुणगुण आली. मुलगा आता डोळे मिटत नव्हता. सुनेने ऑफिसची बॅग काढून दाराशी ठेवली, सोमवारसाठी, आणि ती ठेवताना कुणाकडे बघितलं नाही.

काकांनी ती बॅग बघितली. वहीतले एकवीसच्या एकवीस क्रमांक खोडून झाले होते. चाळीस वर्षांत त्यांचा एकही क्यू, म्हणजे दिव्याचा इशारा, चुकला नव्हता, आणि घरातल्या एकवीस वस्तूंमध्ये त्यांना एक चोर सापडत नव्हता.

"मला ऐकू दे," ते म्हणाले. "आत येतो. पण प्रयोग म्हणून. तू दिवा लाव रे. हळू. चार आकडे."

मुलाने बटण धरलं. आत काका रजईला पाठ टेकवून उभे राहिले. हेडफोन एकच होता, म्हणून एक कान सुनेने घेतला, एक काकांनी. दार लागलं. टकटक.

"आली बघा," सून कुजबुजली.

काकांनी डोळे बारीक केले. "कुठंय? उलट किती छान शांत झालं."

"शांत झालं? मग आधी काय होतं?"

"आधी..." काकांनी विचार केला. "आधी ओकंबोकं होतं. आता कसं, तिसरी घंटा झाल्यावर पडदा वर जायच्या आधी होतं ना, तसं."

"बाबा, हीच ती! झऽऽऽ. ऐका ना. आधी नसते. फटकनही येत नाही, हळूहळू वर येते आणि एका जागी येऊन थांबते."

काकांनी हेडफोन कानावर दाबला. पडदा वर जायच्या आधी ते कुठे बसत, तर प्रेक्षागृहाच्या मागच्या खोलीत, मुठीएवढ्या साठ काळ्या डिमरांच्या शेजारी. साठही अर्धवट वर आणलेले. चाळीस वर्षं ते साठ डिमर त्यांच्या कानाशी गुणगुणत होते आणि चाळीस वर्षं ते त्यालाच शांतता म्हणत होते.

बाहेर जाऊन गुपचूप दिवा बंद करता आला असता. कुणाला कळलं नसतं. गुणगुण कशी आली तशी गेली, असं झालं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला आणि साधारण दिवा उगवायला लागतो तेवढा वेळ टिकला.

"मावळव!" ते दारातून ओरडले.

"काय?" बाहेरून मुलगा.

"दिवा रे! मावळव!"

"बंद करू?"

"मावळव म्हटलं ना!"

मुलाने बटण फिरवलं. सुनेचा हात हेडफोनवर होता. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. "चाललीय. बाबा, चाललीय... गेली."

"आता लाव!"

"आली."

"तो डिमर," काका म्हणाले. "आणि वायर तुझ्या वायरीला खेटून नेलीय. मीच." एवढं बोलून ते बाहेर आले आणि पाना-पक्कड शोधू लागले.

मुलाने तोंड उघडलं होतं, पण आईने त्याच्याकडे बघितलं आणि ते मिटलं. स्वतः त्या मात्र थांबल्या नाहीत. "म्हणजे गुणगुण चालू असली की तुम्हाला शांत वाटतं! तरीच मी बोलत असते आणि हे आपले निवांत."

काकांनी क्लिपा उपटल्या, डिमर काढला, पुन्हा मफलरीत गुंडाळला. साडेतीन वाजले होते. सुनेने विचारलं, "बाबा, साधं बटण लावून ठेवू या का दिव्याला?"

"खट् वाजणारं? माइकच्या तोंडावर?" काका म्हणाले. "तू जा आत. वाच."

आणि स्विचबोर्डासमोरचं स्टूल उचलून त्यांनी स्टुडिओच्या दाराशी ठेवलं आणि त्यावर स्वतः बसले. आतून टकटक झाली. काकांनी उजवा तळवा मांडीवरून उचलला आणि चार आकडे मोजत वर आणला, छातीच्या थोडा खाली, तिसऱ्या हिश्श्यावर. घर गप्प झालं. चार चाळीसला नमुना गेला.

सहाला फोन आला. सुनेने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "मॅडम, आता क्लीन आहे. टॉप. फक्त दुसऱ्या मिनिटाला बाहेर कुणीतरी खोकलंय, तेवढं वाक्य परत घ्या. सोमवारपासून प्रकरण दोन."

सुनेने दाराशी ठेवलेली बॅग उचलून पलंगाखाली, अडगळीत सरकवली. मुलगा वडिलांकडे बघून म्हणाला, "बाबा, खोकल्याला क्रमांक दिला नव्हता."

"बावीस," काका म्हणाले.

सोमवारी सकाळी सून आत बसली. काका स्टुलावर, गालात खडीसाखर. अर्धं पान वाचून झालं असेल, तोच घराच्या उघड्या दारात कुरिअरवाला येऊन उभा राहिला. काकांनी त्याला बघितलं आणि तळवा उचलला. एक. दोन. हात वर येईपर्यंत कुरिअरवाल्याने बेल वाजवून घेतली होती.

"परत घेते!" आतून सून म्हणाली.

"हात तरी फटकन करा," काकू कुजबुजल्या.

काकांनी ऐकलं नाही. मंगळवारी काकूंनी मुलाकडून बेलचंच बटण काढून घेतलं, आणि काका हवा तेवढा वेळ घेऊन हात वर करायला मोकळे झाले.