मोतीबाईचं यान

लोधिवलीच्या मोतीबाईला वाचता येत नव्हतं. इंग्रजी तर तिच्या सात पिढ्यांत कुणी बोललं नव्हतं. तरीही टीव्हीवरची ती इंग्रजी यानाची मालिका तिच्याइतकी अख्ख्या पंचक्रोशीत कुणाला कळली नाही.

टीव्ही चौकात, वाल्मिकच्या ढाब्यावर. दर रविवारी सकाळी मोतीबाई तिथे भाजीची पाटी घालायला जायची आणि काम झालं की टीव्हीसमोरच्या बाकड्यावर अशी ठाण मांडून बसायची की गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जात. तीन वर्षं ते यान आभाळात हिंडत होतं आणि तीन वर्षं तिने एकही रविवार चुकवला नव्हता. दिराच्या मुलाच्या हळदीलासुद्धा ती यान बघूनच पोचली.

भाषा येत नाही म्हणून तिचं काही अडलं नाही. यानातली माणसं दर वेळी नव्या ग्रहावर उतरत, वाकून माती उचलत आणि काचेच्या नळीत भरून नेत. आता यात मास्तरांना विचारण्यासारखं काय आहे? या लोकांची जमीन गेली आणि बिचारे भाताला जमीन शोधत फिरतायत, हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्यांचा कप्तान स्वतः कशाला हात न लावता बाकीच्यांना कामाला जुंपायचा, म्हणून तो मुकादम.

सोमवारी शेतावर ती अख्खा भाग सांगायची, आणि जुने भाग मागणीप्रमाणे. शेजारच्या आवडीला बर्फाच्या गावाचा भाग लागायचा. त्यात यानातली डॉक्टरीण बर्फात एक दिवस राहून परत येते, तर तिचं तान्हं लेकरू तिच्याहून म्हातारं झालेलं असतं. आवडी दर वेळी त्याच जागी रडायची आणि आठवड्याने पुन्हा तोच भाग मागायची. मोतीबाईचा चुलत दीर पदू याला दोन मुकादमांचा भाग प्यारा. मुकादमासारखाच दुसरा मुकादम निघतो, दोघं एकमेकांना हुकूम सोडत बसतात आणि काम कुणीच करत नाही. पदू हसायचा नाही, पण तिने मधलं काही गाळलं की लगेच म्हणायचा, "तसं नाय, आधी टोपी पडते."

हाच पदू गावच्या सावडीचे दिवस ठरवायचा. लोधिवलीत भात झोडायचं ते सावडीनं. आज सगळे तुझ्या खळ्यावर, उद्या तू त्यांच्या खळ्यावर. मजुरी नाही, दिवसाला दिवस. मोतीबाईचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, पण आठ वर्षांत तिने कुणाचा दिवस बुडवला नव्हता.

आणि शहाऐंशीच्या कापणीत ती बांधावरून पडली. उजवं मनगट मोडलं. भारे रचून झाले होते, वर्षाचा तांदूळ त्यात होता, आणि हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला.

"वयनी, तू हात देऊ शकत नाय, तर तुज्या खळ्यावर मानसं कशी घालू?" पदू म्हणाला. "आज तुला सूट दिली तर उद्या गावात सगळ्यांचेच हात मोडतील."

"हात मोडलाय, तोंड नाय मोडलं," मोतीबाई म्हणाली. "मी सगळ्यांच्या खळ्यावर येऊन यान सांगते. तो माजा दिवस धरा, भावजी."

"गोष्ट म्हंजे काम नाय."

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती न बोलावता ज्याच्या त्याच्या खळ्यावर जाऊन बसू लागली. दोन मुकादम भांडायला लागले की भारे असे धडाधड आपटले जात की दाणे कुंपणापर्यंत उडत. पण पदूच्या तोंडून तिच्या खळ्याचं नाव काही निघेना. बोलण्यात मोतीबाई वाघीण होती, पण आभाळ भरून आलं की रात्रीतून दोनदा उठून भारे चाचपून यायची.

अशात एका रविवारी यान काळ्या, ओल्या मातीवर उतरलं. मुकादमाने चक्क स्वतः वाकून मूठभर माती नाकाशी नेली, आणि मागे यानाचं दार बंद झालं. तो बाहेरच राहिला, आणि भाग संपला. सोमवारी मोतीबाईने हे पदूच्याच खळ्यावर सांगितलं आणि इथे थांबून ती उठली.

"पुढचं मी रविवारी बघनार. सोमवारी सांगनार, पन माज्या खळ्यावर. ज्याला ऐकायचं हाय त्यानं यावं, आनि रिकाम्या हातानं बसायला येऊ नये."

रविवारी ती तासभर आधी जाऊन बसली. यान दिसलं, वाजंत्री झाली, आणि लाईट गेली. दुपारपर्यंत आली नाही.

घरी येईस्तोवर तिने दहा शेवट रचले. रचणं तिला जड नव्हतं. पण अर्थ तिचा असला तरी न पाहिलेलं तिने कधी पाहिलं म्हणून सांगितलं नव्हतं, आणि भातासाठी खोटं बोलायची तिला लाज वाटली.

सोमवारी एकोणीस माणसं आली. पदूसुद्धा आला, नुसता बघायला. पहिला भारा उचलायच्या आत मोतीबाई उभी राहिली.

"लाईट गेली. शेवट मी बघितला नाय. ज्याला जायाचं त्यानं आत्ताच जा, काम अर्धं टाकून जाऊ नका."

मग मागून गावातलाच नामा पुढे आला, सुट्टीला घरी आलेला. तो खोपोलीच्या कारखान्यात होता आणि तिकडेच खोली करून राहायचा. "काकी, मी बघितलाय तिकडं. मी सांगू?"

आता गोष्टही तिची राहत नव्हती. सगळ्या माना नामाकडे वळल्या होत्या.

"तू गप रं!" पदू ओरडला. "तीन वर्सं कुटं व्हतास? खळं कुनाचं हाय?" मग तो तिच्याकडे वळला. "वयनी, शेवट नाय ना? मंग पैल्यापासनं सांग."

आणि त्याने स्वतः पहिला भारा उचलून फळीवर आपटला.

मोतीबाईने पहिल्या भागापासून धरलं. आवडी तिच्या जागी रडली. टोपी वेळेवर पडली. नामाला शेवट कुणी विचारलाच नाही, आणि थोड्या वेळाने तोही खाली मान घालून भारे झोडू लागला. दिवस मावळायच्या आत सगळं भात उरकलं आणि खळ्यात रास उभी राहिली.

जाताना पदूने अंगावरचा भुसा झटकला.

"परवा सोमीच्या खळ्यावर तुजा दिवस धरलाय," तो म्हणाला. "सकाळी लवकर ये. तुज्या आधी काम चालू नाय व्हनार."