सांडू अण्णांनी न दिलेलं मत

आमच्या गल्लीत समोरासमोर सहा-सहा अशी बारा घरं आहेत आणि मतं मात्र सगळी सांडू अण्णांच्या एका घरात आहेत. बाकीच्या अकरा घरांना मतं नाहीत असं नाही, पण ती मांडायला मध्ये जागा तर मिळायला हवी.

अण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी लासूर स्टेशनच्या गाडीवर. चालत्या गाडीतून प्रवाशाला उतरता येत नाही, याची त्यांना इतकी सवय झाली की ऐकणारा माणूस मधूनच उठून जाऊ शकतो हे त्यांना अजून पटलेलं नाही. बोलणं संपलं की ते डोक्यावरची, आता नसलेली, घंटीची दोरी दोनदा ओढतात आणि म्हणतात, "हे माझं मत हाय. पटलं तर घ्या, नायतर पुढच्या स्टॉपला उतरा."

मतं तशी वाईट नसतात, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाबद्दल ते म्हणतात, "गतिरोधकानं ड्रायव्हरला जाग आली पाहिजे, मणका नाय तुटला पाहिजे. आपल्याइथला असा केलाय की अवघडलेल्या बाईला दवाखान्यापर्यंत जायची गरजच नाय." घंटागाडीबद्दल म्हणतात, "घंटी गाडी थांबायच्या आधी मारायची असती, निघून गेल्यावर नाय. हे मी एकतीस वर्षं केलंय, मला इचारा." गुलमंडीच्या गर्दीत चारचाकी घेऊन जाणाऱ्याची चावी काढून घ्यावी आणि त्याला पायी घरी धाडावं, हे आणखी एक. भटक्या कुत्र्यांना शहराबाहेर सोडावं असं त्यांचं ठाम मत होतं. मग एका कुत्रीनं त्यांच्याच जिन्याखाली पाच पिल्लं घातली. तेव्हापासून कुत्रं हा प्राणी नाही, गल्लीचा चौकीदार आहे.

हे सगळं आम्ही ऐकायचो ते नळामुळं. चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडच्या आत आमची वस्ती. पाणी येतं सातव्या दिवशी, मनात आलं तर आठव्या. आलं की पाऊण तास. तेवढ्या वेळात हौद भरून घ्यायचा. मोटार कोरडी फिरली तर जळते आणि हौद भरल्यावर बंद केली नाही तर पाणी रस्त्यावर. त्यामुळं प्रत्येक घरातलं एक माणूस गेटाशी मोटारीजवळ खिळून उभं. अण्णांना आयती भरलेली गाडी मिळायची. ते आपली मोटार चालू करून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक गेटाशी थांबत जायचे. त्यांच्या शेजारच्या शकीलाभाभी शिवणकाम करतात. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "अण्णा, तुमारी बातां सुनते-सुनते मेरा हौद बह गया." त्यावर वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल अण्णांचं स्वतंत्र मत होतं. तेही त्यांना ऐकावं लागलं.

मग सम्यकनं डबा आणला.

सम्यक हा गल्लीतल्याच धम्मपालभाऊंचा मुलगा, शेंद्र्याला कंपनीत इलेक्ट्रिकची कामं बघतो. त्यानं असा एक डबा जोडला की नळाला पाणी आलं की मोटार आपोआप सुरू आणि हौद भरला की आपोआप बंद. डब्याला एक खटका: वर असला की हे सगळं आपोआप, खाली केला की मोटार हातानं सुरू. आधी त्यानं स्वतःच्या घरी बसवला, मग दोन महिन्यांत अकरा घरांच्या पडवीत हे डबे लागले. अण्णांनी बसवू दिला नाही. "माणसाचं काम माणसानं करावं," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या नळाला अण्णा धुतलेला शर्ट घालून बाहेर आले. ओळीनं अकरा मोटारी घुरघुरायला लागल्या आणि एकाही गेटाशी माणूस नव्हतं. ते थोडा वेळ रस्त्यात उभे राहिले आणि आत गेले. मी खुर्चीत बसून चहा पीत खिडकीतून हे पाहिलं आणि हसले. खोटं कशाला बोलू, चांगली मोठ्यानं हसले.

तेव्हापासून अण्णांचं एकच मत उरलं. भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला अडवून ते सांगायचे, "लाईट जाऊन आली की ह्यो डबा येडा होतो. येक दिवस दगा देईल. त्या दिवशी सगळी गल्ली बादल्या घेऊन माझ्या दारात उभी ऱ्हाईल, मग बोलीन मी." लोक हो-हो म्हणून पुढं जायचे. आता जाता येत होतं ना.

या डब्यापायी त्यांनी धम्मपालभाऊंनाही दुखावलं. भाऊ सम्यकच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, तर अण्णा म्हणतात, "मंडपात माणसं बोलावलीत का तितंबी डबेच बसवलेत?" भाऊ गरीब माणूस, पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अण्णा, पोरगं माझं हाय. यायचं नसल तर नका येऊ." अण्णांच्या बायकोनं, पारूबाईंनी, त्या रात्री त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि त्या आत निजायला गेल्या. मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ह्या माणसाच्या जिभेला हाड नाय बघ."

लग्न करमाडला होतं. नळ आदल्या दिवशी यायचा, तो आला नाही. लग्नाच्या दिवसावर सरकला. पूर्वी असं झालं असतं तर निम्मी गल्ली घरी थांबली असती. आता डबे होते. सकाळी नऊला सगळे गाड्यांत बसून गेले, माझा नवरा अभय आणि मुलं गेली, पारूबाईसुद्धा ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या. संध्याकाळी नवरी आणि पाहुणे मिळून चाळीस माणसं धम्मपालभाऊंच्या घरी मुक्कामाला यायची होती. हौद आठव्या दिवशी जसा असतो तसा, तळाला.

मागं राहिले दोघं. अण्णा, रुसून. आणि मी, पायाला प्लास्टर घालून. पंधरा दिवसांपूर्वी जिन्यावरून घसरले होते, म्हणून वरच्या खोलीत खिडकीशी बसून होते. मी घरात आहे हे अण्णांच्या ध्यानात नव्हतं.

अकराला लाईट गेली, दहा मिनिटांत आली. साडेअकराला नळ आला आणि अण्णांची मोटार सुरू झाली, हातानं लावलेली. बाकीच्या अकरा गप्प. माझ्या पडवीतून काही आवाज येईना. अभयला फोन लावला, उचलला नाही. सम्यकला लावणार तर तो मंडपात नवरदेव होऊन बसलेला.

अण्णा बाहेर आले. धम्मपालभाऊंच्या गेटाशी जाऊन त्यांनी कान दिला. मग शकीलाभाभींच्या. मग रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि प्रवासी मोजावेत तसं एकेका घराकडं बघत गेले. आणि हसले. ते हसू दोन महिने वाट बघत थांबलेलं होतं. फक्त पाऊण तास काही केलं नाही, की संध्याकाळी नव्या नवरीसकट सगळी गल्ली बादल्या घेऊन त्यांच्या दारात येणार होती.

ते आत गेले आणि गेट लावून घेतलं.

मला इतका राग आला! ओरडून हाक मारावी म्हणून खिडकीला तोंड लावलं आणि पुन्हा मागं घेतलं. ज्याला मी हसले त्याच्यापुढंच पदर पसरायचा, याची लाज वाटली. नव्या नवरीला पहिल्या दिवशी तोंड धुवायला पाणी नाही, आणि मी नुसती बसून बघत होते.

तेवढ्यात गेट पुन्हा वाजलं. अण्णा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बाहेर आले होते.

पहिल्यांदा ते धम्मपालभाऊंच्या पडवीत शिरले. खटका खाली केला, मोटार सुरू. मग पलीकडच्या घरात, मग त्याच्या पलीकडं. शकीलाभाभींच्या गेटाला कुलूप होतं. सदुसष्ट वर्षांचा तो माणूस भिंतीवर चढला, एक चप्पल अलीकडं पडली, आणि ते स्वतः पलीकडं कसे पडले ते मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. माझ्या पडवीत आले तेव्हा मी पडद्याआड झाले. ज्याचा हौद भरेल त्याची मोटार बंद करायची, उरलेल्यांकडं बघायचं, असे ते गल्लीत सारखे इकडून तिकडं पळत होते. एवढ्या वेळात ते एक शब्द बोलले नाहीत असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. ते प्रत्येक डब्याला शिव्या देत होते.

पाणी गेलं. मग अण्णा पुन्हा अकराही घरांत गेले आणि प्रत्येक डब्याचा खटका होता तसा वर करून आले. हे कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी गाड्या आल्या. नवरी, पाहुणे, पोराटोरांचा गलका. सम्यक लग्नाच्याच कपड्यात धावत जाऊन हौदात डोकावला. हौद काठोकाठ. एकेका घरातून "आमचाही भरला!" असा पुकारा झाला. धम्मपालभाऊंची छाती फुगली. अण्णा आपल्या गेटात उभे होते, त्यांना ऐकू जाईल असं ते मोठ्यानं म्हणाले, "काय अण्णा, नाक्यावर कळलं, लाईट गेलती सकाळी. पोराच्या डब्यानं दगा दिला का?"

सगळी गल्ली हसली. पाहुणेही हसले, त्यांना काही माहीत नसताना.

मी वरून खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. आता सांगणारच होते सगळ्यांना, अगदी भिंतीपाशी पडलेल्या चपलेसकट. अण्णांनी वर पाहिलं. मी दिवसभर तिथंच होते हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी माझ्याकडं बघत हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली. जाऊ दे गाडी.

मी खिडकीतून आत झाले.

"व्हय बाबा," अण्णा म्हणाले. "डबा चांगला हाय. पोरगं हुशार हाय तुझं. नवरी कुठाय? मला आशीर्वाद द्यायचा ऱ्हायलाय." धम्मपालभाऊंची फुगलेली छाती खाली आली. मग पुढं झाले आणि त्यांना हाताला धरून आत नवरीकडं घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पारूबाई माझ्याकडं येऊन बसल्या. "रातभर कण्हत व्हते," म्हणाल्या. "कोपर सोललंय. कशानं सोललं इचारलं तर काय म्हणावं? म्हणाले, त्याच्यावर माझं काय मत नाय! लगीन झाल्यापासून पयल्यांदा ऐकलं गं बाई. ताप-बीप तर नसल?"

मी हसले, आणि मग मला रडू आलं. गेल्या दोन महिन्यांत गल्लीत कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं पोर आजारी पडलं, मला काही माहीत नव्हतं. ते सगळं मला नळाच्या दिवशी गेटात कळायचं, अण्णांच्या मतांच्या मधल्या जागांत.

पुढच्या नळाला मी अभयकडून प्लास्टिकची खुर्ची गेटाशी ठेवून घेतली, कुबडी टेकत जाऊन बसले, आणि माझ्या डब्याचा खटका हातानं खाली केला. समोर अण्णा एकटेच आपल्या मोटारीजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खटक्याकडं.

"काय गं, डबा बिघडला का?"

"बिघडलाय, अण्णा."

खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. ते हळूहळू रस्ता ओलांडून आले, कोपराला अजून पट्टी होती, आणि माझ्या गेटावर हात ठेवून उभे राहिले.

"त्या गतिरोधकाचं सांगत व्हतो मी मागं..."

"सांगा," मी म्हटलं.

‘सांगा’ असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नसावं, कारण त्यांनी आधी माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग खाकरले आणि सुरू झाले, आणि पाऊण तासानं माझा हौद वाहून पाणी थेट कोपऱ्यापर्यंत गेलं तरी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.